तळहाताची खाज

भूगाव, मंगळवार, संध्याकाळ

बायकोने, सुलभाने, आज गोळी घेणार नाही म्हणून सांगितलं. भांडली नाही, आवाजही चढवला नाही, म्हणूनच भीती वाटली.

यकृताच्या आजाराने खाज आणि त्या आजारावरच्या गोळीने आणखी खाज. दिवसभर फणीने तळहात खाजवते. सुरुवातीला शेजारच्या हिराबाई म्हणाल्या होत्या, ‘‘वैनी, तळहात खाजतोय म्हंजी लक्ष्मी येनार हाय!’’ त्यांनी बिल्डरला जमीन विकलेली, अनुभव दांडगा. आम्हीही लक्ष्मीची वाट पाहत बसलो, डॉक्टरकडे उशिरा गेलो.

संध्याकाळी तिचा भाचा आला. औषध-संशोधनात आहे. म्हणाला, ‘‘मावशी, मज्जातंतूंवर एक रिसेप्टर असतो, खाजेची बेलच समज. तुझी गोळी यकृताचं काम करते, पण जाता जाता ती बेलही दाबते. आता बेलची नेमकी रचना कळलीय. बेलला धक्का न लावणारं औषध घडवता येईल.’’

‘‘मग आण की.’’

‘‘वर्षं लागतील गं. आधी उंदरांवर...’’

‘‘म्हणजे रांगेत उंदीरसुद्धा माझ्या पुढे!’’

तो हसला. मला जमलं नाही. जगाची टिंगल करणारे लेख लिहून पोट भरणारा मी. पण हिला गोळी घे म्हणायचं कुठल्या तोंडाने? खाज मला थोडीच आहे?

तो गेल्यावर पेल्यात पाणी भरून, गोळी हातात घेऊन नुसताच उभा राहिलो. तिने लालभडक तळहात पुढे केला. ‘‘अहो, ठेवा. लक्ष्मी नाही तर गोळी.’’

ठेवली. फणी मात्र तिने दुसऱ्या हातात घट्ट धरली होती.