बरगड्या हिच्या, बुट्ट्या माझ्या

आई, उद्या माझ्या छातीचा फोटो काढायचा आहे. खोकला काही केल्या हटत नाही म्हणून इथल्या निपाणीच्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं, पाठीवर बोटांनी टकटक केली आणि बेळगावला जाऊन एक्स-रे काढून आणा म्हणाले. आमच्या दारासमोरच तंबाखूची वखार, या गल्लीत न खोकणारं माणूस शोधावं लागेल. ह्यांना सांगितलं तर ह्यांनी आधी पंचांग उघडलं. मग वाटलं, तुझ्याशीच बोलावं. आपल्या घरात त्या यंत्रापुढे पहिली उभी राहिलीस ती तू.

मी तेव्हा सातवीत होते. बेळगावच्या शहापुरात आपल्या पुढच्या खोलीत माग, मागाशेजारी तू सुताच्या कांड्या भरत बसलेली, आणि खोकला असा की मागावर पळणाऱ्या धोट्याचा आवाज त्यात बुडून जायचा. दवाखान्यात यंत्र नुकतंच आलं होतं. जायच्या दिवशी तू ट्रंकेतून ते हिरवं लुगडं काढलंस. आप्पांनी जन्मभर दुसऱ्यांसाठी लुगडी विणली. घरासाठी म्हणून विणलं ते हे एकच, उरलीसुरली जर जपून ठेवून, पदरभर बुट्ट्या काढून. केसात अबोली माळलीस, आरशात दोनदा पाहिलंस. आप्पा दारातून बघत होते.

"अगं, छातीचा फोटो हाय त्यो. तोंड न्हाय येत त्यात."

"नसंना. फोटो त्यो फोटो. चार लोकं बघनार न्हवं?"

त्या अंधाऱ्या खोलीतला माणूस कानडी होता आणि तुझ्याहून जास्त लाजरा. अंगावरचं सोनं काढा म्हणाला. पाटल्या, बुगड्या तू माझ्या ओंजळीत दिल्यास. मंगळसूत्राला हात लागेना. "मालक भाईर बाकड्यावर बसल्यात की धडधाकट," म्हणालीस. तो बिचारा डोकं खाजवू लागला, तेव्हा तूच तोड काढलीस. मंगळसूत्र उचलून दातांत धरलंस. परका पुरुष समोर म्हणून पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलास, आणि त्याने भिंतीकडे बघत "उसिरु हिडीरी" म्हटलं. श्वास धरा. तू धरलास. तुझे गाल फुगलेले बघून मला इतकं हसू आलं की मला बाहेर काढलं.

मग डॉक्टरांनी फोटोची ती काच उजेडासमोर धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. दोन्ही फुफ्फुसांवर पांढरे ठिपके होते. क्षय दिसतोय, म्हणाले. वर्षभर तरी दूर, क्षयाच्या दवाखान्यात ठेवावं लागेल, मुलीला जवळ येऊ देऊ नका. घरी आल्याआल्या तू आपलं ताट आणि तांब्या वेगळ्या फळीवर ठेवलास. आप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले ते बसलेच, माग काही चालला नाही. तू दाराच्या चौकटीत बसून लांबूनच मला भाकरी शिकवतेस, "पानी कमी, अजून मळ," आणि मला तुझा राग येतो. एवढ्या शांतपणे जायची तयारी कशी करू शकते ही, असं वाटतं. पहिली भाकरी मी रडतच थापली. तू ती कोरडीच खाल्लीस, चांगली झाली म्हणालीस. लई खोटं बोललीस तेव्हा.

आठवडाभराने दवाखान्यातून निरोप आला, पुन्हा या. डॉक्टरांनी तीच काच समोर ठेवली होती. "हे ठिपके फार शिस्तीत बसलेत, बाई. आजार असा ओळीनं बसत नाही. त्या दिवशी अंगावर काय होतं?"

"लुगडं."

"कसलं?"

हा प्रश्न तुला विचारायचा नव्हता. कुणी विणलं, जर कुठनं आणली, चांदीची कशी असती, काठाला रंग कुठला, सगळं सांगितलंस. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग कपाळाला हात लावला. एका नर्सला बोलावलं, तुला कोरा सुती सदरा दिला, पुन्हा श्वास धरायला लावला. दुसऱ्या काचेवर एकही ठिपका नव्हता. ते म्हणाले, "यंत्रानं समोर होतं ते सगळं दाखवलं. त्यातलं तुमचं कुठलं न् लुगड्याचं कुठलं, ते ओळखायचं काम माझं होतं. चुकलो." खोकला सुताच्या धुळीचा निघाला. खिडकी उघडी ठेवा, तोंडाला फडकं बांधा म्हणाले. आप्पांनी डोळे पुसले, आणि तू विचारलंस, "मग त्यो पयला फोटो टाकून देनार व्हय?"

त्यांनी तो तुला देऊन टाकला. आल्यागेल्याला आप्पा तो खिडकीशी धरून दाखवायचे. "बरगड्या हिच्या, बुट्ट्या माझ्या." तू लटकी चिडायचीस आणि चहा ठेवायला उठायचीस. पुढे किती वर्षं जगलीस, आणि गेलीस ती तापानं. त्या छातीनं शेवटपर्यंत साथ दिली. तुझ्या तोंडाचा फोटो कधी कुणी काढलाच नाही. आत्ता मी तोच छातीचा फोटो उजेडाला धरून बसलेय. बुट्ट्या ओळीनं उभ्या आहेत, वरच्या कडेला मंगळसूत्राची एक वाटी आली आहे. तोंड नाही, पण तुझे फुगलेले गाल मला दिसतात.

हे पत्र तुझ्या त्या हिरव्या लुगड्याच्या घडीत ठेवणार होते, पण लुगडं उद्या मी नेसतेय. म्हणून ट्रंकेत फोटोखालीच राहील. दवाखान्यात आता सगळ्यांनाच कोरा सदरा घालायला देतात, लुगडं दारातच उतरवावं लागतं, हे मला ठाऊक आहे. तरी नेसून जाणार. मी घाबरलेय, आई. उद्या ठिपके दिसलेच, तर घटकाभर तरी तुझ्या लुगड्यावर ढकलता येतील.