परत येणारा गोळा

प्रिय अक्षरा,

सप्रेम जय भीम. फोनवर तू 'आय ॲम फाइन, बाबा' म्हणतेस आणि विषय संपतो, म्हणून हे पत्र. ओटावात पुन्हा बर्फ पडलाय. ड्राइव्हवे शोव्हल करून कंबर धरलीय. तुझी आई म्हणते, या वयात कशाला मिरवता! मी कुठला मिरवतोय गं, नुसता थकलोय.

त्यात इथल्या मराठी मंडळाच्या रविकांतकाकांनी व्याख्यान गळ्यात मारलं: रशियाचे परत येणारे उपग्रह. निवृत्त इंजिनियर म्हणजे रिकामाच, असा सगळ्यांचा समज. मुलं फोनमध्ये, मोठ्यांचं लक्ष जेवणाकडे, आणि मी आपला सांगतोय. ज्या गोळ्यातून पहिला माणूस अंतराळात गेला, त्यातच पुढे हेरगिरीचे कॅमेरे बसवले. मग माकडं, उंदीर, स्फटिक बनवायच्या भट्ट्या. बाहेर बॅटऱ्या वाढल्या, सोलर पॅनेल आली, मुक्काम लांबला. गोळा मात्र तोच. काका फटकन म्हणाले, साठ वर्षं एकच डबा, यांना दुसरं काही सुचलं नाही? हशा पिकला. म्हटलं, अहो, त्याची एक बाजू मुद्दाम जड ठेवतात. कसाही गडगडत आला तरी हवेत शिरला की आपोआप सरळ होतो. मागचा बॅटऱ्यांचा सांगाडा जळून जातो, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

हे बोलता बोलता तू आठवलीस. मंडळाच्या त्याच हॉलमध्ये तुझं नि पुष्करचं लग्न लागलं होतं. त्याचं तुझ्यावर ओरडणं आम्हाला फोनवरसुद्धा ऐकू येतं, बाळा. बाबांनी एवढ्या थाटात लग्न लावलं, आता विनिपेगहून कोणत्या तोंडानं परत जायचं, हेच ना तुझ्या मनात? मला फार वाईट वाटतं.

पॅराशूट उघडलं की तो गोळा बारीकसा सिग्नल देतो, आणि शोधणारे निघतात. सोमवारी तू आईला सहज विचारलंस, 'बेसमेंटमधली माझी खोली भाड्यानं दिलीत का?' तिला वाटलं, तुला जुनी पुस्तकं हवीत. मला काही झोप लागली नाही. नाही दिली गं. हीटर लावलाय, चादर बदललीय. काकांना नि मंडळातल्या लोकांना काय सांगायचं ते मी बघतो. पुढच्या शनिवारच्या विमानानं मी तुला न्यायला येतोय. सगळं सामान आवरत बसू नकोस, राहील ते राहू दे. एक बॅग भरून ठेव. नसलीस भरली, तर चहा पिऊन परत येईन.

तुझाच,
बाबा