बरणीच्या झाकणाला भोकं

सोमवार, ३ मार्च
आजपासून गल्लीचा कीटक-निरीक्षक मी. आरोग्य केंद्राच्या सिस्टरनी स्वयंसेवक मागितला, बाकीच्यांनी माना खाली घातल्या. नेतृत्व असंच चालून येतं. बॅजही मिळाला.
शत्रू: ढेकणाच्या जातीचा, पण चांगला दांडगा किडा. भिंतीच्या फटीत राहतो, झोपेत तोंडाला चावतो. त्याच्या विष्ठेतून शिरणाऱ्या रोगाने आधी डोळा सुजतो, पुढे तो हृदयावर जातो. हात न लावता पकडायचा, घट्ट बंद डब्यात त्याच दिवशी केंद्रावर द्यायचा. सोपं आहे.

गुरुवार, ६ मार्च
शेजारच्या शिंपीणबाईंकडे दोन सापडले. पण एवढा किरकोळ माल घेऊन काय जायचं? बरणी भरली की एकदम नेईन. इम्प्रेशन पडतं. तोवर जिवंत राहावेत म्हणून झाकणाला ऐसपैस भोकं पाडली. सिस्टर 'घट्ट' म्हणाल्या होत्या, पण त्यांना प्रॅक्टिकल अनुभव कमी.
बरणी सासूबाईंच्या खोलीत, कपाटावर. ही म्हणाली, आईच्याच डोक्यावर कशाला? म्हटलं, सायन्स आहे.

रविवार, ९ मार्च
गल्ली पिंजून काढली. भरपूर माल. आपलं घर तपासलं नाही. निरीक्षकाच्या घरात किडे? काहीतरीच.

मंगळवार, ११ मार्च
बरणीतले किडे कमी दिसतात. एकमेकांना खात असावेत. मोठा शोध! सासूबाई म्हणतात, अंगावरून काहीतरी चालतं. वयोमानाने भास होतात. तोंडावर बोललो नाही. जावई आहे.

शुक्रवार, १४ मार्च
बरणी रिकामी. सासूबाईंचा डोळा सुजलाय. शांतपणे म्हणाल्या, जावईबापू, तुमचे पाहुणे कुठे गेले? मी धावत जाऊन सिस्टरना घेऊन आलो. सिस्टरनी सासूबाईंचं रक्त नेलं. फार भीती वाटते. सासूबाईंवर माझा एवढा जीव आहे, हे आजच कळलं.

बुधवार, १९ मार्च
रिपोर्ट चांगला! डोळ्याला साधी रांजणवाडी होती. तरी महिन्याने पुन्हा तपासणार आहेत. बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.
बाकी मोहीम यशस्वी. गल्लीत आता एकही किडा नाही. सगळे आमच्याकडे आहेत. फवारणीसाठी गाद्यांसकट सामान रस्त्यावर. शिंपीणबाई खुर्ची टाकून बघत बसल्या.
बॅज सासूबाईंकडे गेला. संस्थेत असे अंतर्गत बदल होतच असतात. त्यांनी बिनभोकाच्या झाकणाची बरणी घेतली आणि सगळ्यात आधी माझी उशी उचलली.
खाली दोघे होते. चांगले पोसलेले.
उद्या माझं रक्त.