कोंड्यावर वाढलेल्या कोंबड्या

बाबा,

चहा थर्मासमध्ये आहे, त्याआधी औषध घ्या. आणि चष्मा लावून वाचा, कारण आनंदाने माझं अक्षर पार बिघडलंय!

उजाडताच शेडमधल्या दोन्ही कप्प्यांतल्या पन्नास-पन्नास कोंबड्या तोलल्या. नेहमीच्या खाद्यावरच्या सरासरी दोन किलो साठ ग्रॅम भरल्या. आणि महागडा मका कमी करून मी ज्यांना जास्तीचा स्वस्त कोंडा चारला, त्या दोन किलो चाळीस! फक्त वीस ग्रॅम कमी, बाबा! खाली अंथरलेलं तूससुद्धा कोरडं खडखडीत आहे, म्हणजे कोंडा नीट पचतोय.

मागच्या खेपेला पिल्लं खुरटली ती माझ्याच चुकीने. कोंडा पचावा म्हणून घालायचं एन्झाइम मी गिरणीत आधीच मिसळलं होतं. खाद्याच्या गोळ्या पाडताना गरम वाफेने ते निकामी झालं आणि बिचाऱ्यांच्या पोटात नुसता भुसा गेला. तुम्ही चिडलात ते बरोबरच होतं. या वेळी गोळ्या गार झाल्यावर वरून फवारलं.

गिरणीवाले काका आज पुढचं खाद्य काढणार आहेत. त्यांनीही माझ्यासारखं एन्झाइम आधीच मिसळू नये म्हणून सायकल काढून पळतेय. शेडमधलं पाणी तेवढं बघा.

काटा दारातच ठेवलाय. माझ्या आकड्यांवर जाऊ नका, वाटेल ती कोंबडी स्वतः उचलून तोला. मग संध्याकाळी माझ्यावर हवं तेवढं रागवा. पण महिनाभर सगळं आईकरवी सांगताय, ते आता पुरे. वजन किती भरलं, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

— तुमची हट्टी