माकडांनी न नेलेलं मुंडासं

आबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तुमच्या हयातीत मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर लिहायला बसले आहे, तेही तोंडावर सांगायची छाती झाली नाही म्हणून. लोक मला मुलांची लेखिका म्हणून ओळखतात, सत्कार करतात. मला मात्र माझं पहिलं पुस्तक अजून उघडवत नाही.

खंडाळ्याचा तो बंगला आठवतो. मालक मंडळी मे महिन्यात यायची, बाकी वर्षभर बंगला त्याच्या माळ्याचा, म्हणजे तुमचा, आणि माकडांचा. सकाळी तुम्ही झारी घेऊन बागेत निघालात की कान तुटलेलं ते दांडगं माकड कुंपणावर येऊन बसायचं आणि तुमचं सुरू व्हायचं. "काय रं, खाल्लंस का काय? आन् जास्वंदीच्या कळ्या कुनी तोडल्या? पोरं लय वांड झाल्यात तुजी, जरा बघ त्येंच्याकडं." मी पायरीवर पाटी घेऊन बसलेली असायची, हसून हसून माझं पोट दुखायचं. विहिरीजवळचा पेरू माकडांचा, बाकीची झाडं बंगल्याची, असं तुम्ही त्यांना बजावलं होतं. "ठरलंय न्हवं आपलं?" असं रोज विचारायचात. आणि आबा, बहुतेक वेळा ती ऐकायचीसुद्धा. मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

पुढं शिकून मी तळेगावच्या शाळेत बाई झाले. वर्गात तुमच्या गोष्टी सांगायचे, अगदी तुमच्या आवाजात, आणि पोरं लोळायची. त्याचंच पुस्तक झालं, माकडांशी भांडणाऱ्या येड्या माळ्याचं. पेरूची गोष्ट मी गाळली, कारण तिला कोणी हसत नव्हतं. त्याऐवजी माकडं माळ्याचं मुंडासं पळवतात आणि तो बोडका बागभर धावत सुटतो, असा शेवट मनानं रचला. बंगल्याच्या बाईसाहेबांनी ते व्हरांड्यात बसून तुम्हाला वाचून दाखवलं. मी आल्यावर तुम्ही विचारलंत, "माजं मुंडासं कवा नेलं गं त्येंनी?" मी म्हटलं, "अहो आबा, गोष्ट आहे ती!" "व्हय व्हय, गोष्टच ती," म्हणालात आणि पुस्तक धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवलंत.

मग लोणावळ्याच्या एका शाळेनं संमेलनात त्याचं नाटक बसवलं. तुम्ही नको नको म्हणत होतात, मीच हट्टानं नेलं. नवं लाल मुंडासं बांधून तुम्ही पहिल्या रांगेत बसलात. नाटकाआधी माईकवर जाऊन मीच सांगितलं, की खरा माळी इथं बसला आहे. झालं! शेवटी शेपट्या लावलेली पोरं रंगमंचावरून खाली उतरली आणि त्यांनी तुमच्या डोक्यावरचं मुंडासं ओढलं. ते सुटत सुटत पार रंगमंचापर्यंत गेलं. सगळा मांडव खदाखदा हसत होता. आई गेली तो दिवस सोडला, तर चारचौघांत तुम्हाला बोडकं मी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही दोन्ही हात डोक्यावर धरलेत आणि हसलात. लेकीचं कौतुक चाललं होतं ना, हसावंच लागलं तुम्हाला. मीही हसले, आबा. टाळ्या वाजवल्या. लाज वाटते मला, अजून वाटते. पोरांचं काय, त्यांनी मी लिहिलं तेच केलं.

परतताना एसटीत तुम्ही ते मुंडासं मांडीवर घेऊन बसला होतात. बांधलं नाहीत. खंडाळा आल्यावर, माझ्याकडं न बघता म्हणालात, "माकडांनी कदी हात न्हाई लावला गं मुंडाशाला." एवढंच. रागावला नाहीत, एक मुस्काटात मारली असतीत तर बरं झालं असतं. त्यानंतर मी बंगल्यावर आले, की तुम्ही माकडांशी बोलायचा नाहीत. ते कानतुटकं येऊन बसायचं, तुमच्या तोंडाकडं बघायचं आणि निघून जायचं. वय झालं तुमचं, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं काय ते मला ठाऊक होतं.

आणि आबा, तुम्ही एसटीतून उतरत होतात तेव्हा मी पर्समधली वही काढून तुमचं ते वाक्य टिपून घेत होते. तुम्ही खाली हात पुढं करून उभे होतात, मला उतरवून घ्यायला. माझं दुसरं पुस्तक त्या वाक्यावर संपतं. ते निघालं तेव्हा तुम्ही नव्हतात. लोक म्हणतात, बाई, काय वाक्य आहे, डोळ्यांत पाणी आलं, कसं सुचलं हो तुम्हाला? मी म्हणते, सुचलं आपलं.

हे पत्र तुमच्या ट्रंकेत, त्या पुस्तकाशेजारी ठेवणार आहे. एक मात्र सांगून टाकते. हे पत्र लिहितानाही तुमचं ते वाक्य मी आधी अगदी सुरुवातीला घातलं होतं. मग खोडलं आणि एसटीत आणलं. तिथं ते जास्त लागतं.