दोघांची हाक

९ सप्टेंबर
डच पाहुणा आला. नाव योस्ट. बाकीचे इथे रानातली अस्वलं बघायला येतात, हा म्हणे आमची स्लोव्हेनियन शिकायला! पन्नाशीचा, बायको नाही, कुणी इंग्रजी बोललं की कानांवर हात ठेवतो. जेवताना म्हणाला, "चमचा पडली. अस्वल कुठे?" सासूबाईंनी टेबलावर थाप मारली. बेरी पिकल्या की या घरात त्या प्राण्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की मधाच्या पेट्यांवर येतं, असं त्यांचं म्हणणं. बिचाऱ्यानं घाबरून मान डोलावली. इथे लिहिलं तर चालतं, सासूबाई वाचत नाहीत.

१२ सप्टेंबर
द्विवचन शिकवलं. घाम फुटला – मला. आमच्याकडे नुसतं ‘या’ म्हणायलाही रूपं वेगळी: एकाला एक, दोघांना दुसरं, सगळ्यांना तिसरं. "दोघांना वेगळं कशाला?" म्हणतो. काय सांगू? स्टाने होता तेव्हा सासूबाई खिडकीतून आम्हा नवरा-बायकोला दोघांच्या रूपात जेवायला हाक मारायच्या. त्यांचा मुलगा गेल्यापासून – "ब्रेडा, ये." आणि आता – "ब्रेडा, ये. त्या पाहुण्यालाही सांग."

१३ सप्टेंबर
द्विवचनाचं वेड लागलंय त्याला. "आपण दोघं भांडी घासतो. आपण दोघं ओले." हसून हसून पोट दुखलं माझं. सासूबाई बघतायत हे उशिरा लक्षात आलं.

१५ सप्टेंबर
संध्याकाळी रानातून आला तो तोंड बेरीनं निळं करून. "आम्ही दोघांनी बेरी खाल्ल्या. ती जाड, पण फार सुंदर. आम्ही दोघं गप्प बसलो." ती? ती कोण? आणि हे द्विवचन शिकवलं कुणी, तर मीच!

१६ सप्टेंबर
त्याला कुट्टूच्या पिठाची उकड थंडच वाढली. जाड म्हणजे पोस्टातली मिलेना. या खोऱ्यात दुसरं आहे कोण?

१७ सप्टेंबर
मिलेना पत्रं घेऊन आली. विचारलंच तिला.

"मी? रानात? अगं, माझे गुडघे बघ, तुझ्या पायऱ्या चढताना जीव जातो. पण तुला का गं एवढं झोंबलं?"

तेवढ्यात योस्ट आला. म्हटलं, सांगा, ती कोण? त्यानं भीत भीत सासूबाईंकडे पाहिलं, दोन्ही हात वर केले, बोटं वाकवली आणि गुरगुरला.

अस्वलीण! नाव घ्यायचं नाही म्हणून ‘ती’! झुडपाच्या पलीकडे ती खातेय, अलीकडे हा. माझं डोकंच फिरलं. "मूर्खा, तिनं तुला फाडलं असतं तर मी काय करायचं होतं?" – सगळ्यांसमोर, अरे-तुरे करून. मिलेनाला खोकला आला. सासूबाई उठून आत गेल्या.

२० सप्टेंबर
उद्या तो जाणार. मला तो जायला नकोय, झालं, लिहिलं एकदाचं. पण थांब कसं म्हणू? घर सासूबाईंचं, भिंतीवर फोटो त्यांच्या मुलाचा. त्या दिवसापासून माझ्याशी मीठ-भाकरीपुरतंच बोलतायत. त्यांना दुखवून मला काही नको.

२१ सप्टेंबर
फाटकापाशी बसची वाट बघत उभे होतो. खिडकी उघडली. सासूबाई म्हणाल्या, "जेवायला या." दोघांच्या रूपात. आणि खिडकी लावून घेतली.

योस्ट म्हणाला, "त्या चुकल्या का?"

"व्याकरणात त्या कधी चुकत नाहीत," मी म्हटलं.

बस आली, थांबली, गेली. सूप गरम होतं.