वाकसाला धार आली

प्रिय मुसेंबी,

धार आली! तुझ्या लाकूड तासायच्या मोठ्या वाकसाला माझ्या हातून धार आली! सकाळपासून दिसेल त्याला सांगत सुटलेय, कोंबड्यांनासुद्धा सोडलं नाही. मुतिसो भाऊजी, मोठ्यानं वाचा बरं का, आणि तुमच्या भावाला आवडणार नाही म्हणून मधलं काही गाळू नका.

तुला मोंबासाच्या दवाखान्यात नेलं आणि पुढच्याच आठवड्यात मी तुझी हत्यारं खाली काढली. कशाला, ते नंतर सांगते. इतकी वर्षं तुला निसण्यावर बसलेलं बघितलंय, त्यामुळे वाटलं, त्यात काय, घासायचं! मग काय, कोरड्या दगडावर पातं उभं धरून जीव खाऊन घासलं. आंब्याच्या ओंडक्यावर पहिला घाव घातला तर वाकस असा उसळला, की थेट पाण्याच्या कॅनमध्ये घुसला. विहिरीवरून आणलेलं सगळं पाणी ओंडक्यावर! कुंपणापलीकडून तुझा तो शेजारी कारागीर किलोंझो ओरडला, "वहिनी, घाला, आणखी पाणी घाला, पालवी फुटेल त्याला!" त्या लाकडी हत्तींच्या गिऱ्हाइकावरून भांडून तुम्हा दोघांचं बोलणं बंद, म्हणून मीही तोंड फिरवलं.

मग अक्कल चालवली. लोहार लोखंड तापवतो, तर आपणही तापवावं. चुलीत पातं घातलं, निळं झाल्यावर काढलं आणि खुशीत घाव घातला. कड चपातीसारखी दुमडली रे! मी तिथंच फतकल मारून रडायला लागले. किलोंझो कुंपण ओलांडून आला, पातं उलटसुलट केलं आणि म्हणाला, "याचं पाणी उतरवलंत तुम्ही. मुसेंबीच्या बापाचं हत्यार हे. म्हाताऱ्याला दुसऱ्यांदा मारताय की काय?" पण पातं तोच लोहाराकडे घेऊन गेला, पुन्हा पाणी देऊन आणलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा दगड काखेत मारून दारात हजर! आता रोज येतो. साखर संपवलीये आपली.

शिकवतो मात्र सासूसारखा. "दगड ओला ठेवा. दाबू नका, भाकरी थापताय का?" मधे मी फुशारकीनं स्वयंपाकघरातली सुरी परजली आणि सुकुमा चिरताना भाजीबरोबर नखाचं टोकही चिरलं. तेव्हा तो इतका हसला, की चहा नाकात गेला त्याचा. तरी वाकस काही जमेना. मी सारखी वाकून कडेकडे बघायची, आणि बघितलं की हात कलायचा. शेवटी तो वैतागला. "डोळे मिटा! दगडाला ऐका. खरखर झाली तर पातं उठलंय, सर्र वाजलं तर बसलंय." मी डोळे मिटले. आणि मुसेंबी, हात बसला! सर्र, सर्र, सर्र. मग पातं हलकेच अंगठ्याच्या नखावर टेकवलं, तर घसरलं नाही, रुतून बसलं. मी डोळे उघडले तर किलोंझो माझ्याकडे बघत होता. दोघांच्याही मनात एकच आलं: या कामाला डोळे लागतच नाहीत.

आता खरं ते सांगते. भाऊजींचा फोन आला होता, की दुसऱ्या डोळ्यानंही दिसणार नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि तू म्हणालास, हत्यारं विका, मी घरी वामुन्यूला परत येत नाही, तिथं माझं काय काम. ती विकण्यासाठीच मी खाली काढली होती. गंजलेली कोण घेणार, म्हणून घासत बसले होते. गुरुवारी हत्यारांना गिऱ्हाईक आलं, तर किलोंझोनंच त्याला फाटकाबाहेर काढलं. "मालक परगावी गेलाय, येईल आता." मग मला म्हणाला, "आमच्या कारागिरांच्या रांगेत प्रत्येकालाच धार लावायचा कंटाळा. सगळ्यांचे वाकस मुसेंबीकडे देऊ. पण पहिला माझा, सांगून ठेवा." शनिवारच्या बसनं आम्ही दोघं मोंबासाला निघतोय. हत्तींचं भांडण तो तिथंच पुरं करणार म्हणतो, कर खुशाल. येताना मात्र तिघांची तिकिटं काढणार आहे मी, आणि खिडकीची जागा तुझी.

तुझीच,
कावाता